साठीनंतरची पाठवणी



ऑक्टोबर महिन्याच्या शेवटून दुसऱ्या रविवारी आपण मिशन रविवार पाळतो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा दिवस जगभरातील ख्रिस्तसभेसाठी ठरवून दिला. त्या दिवशी चर्चमध्ये पाकिटे वाटली जातात, आपण त्यात यथाशक्ती पैसे घालतो आणि पुढच्या रविवारी परत आणून देतो. काही पाकिटे परत येत नाहीत, तो विषय निराळा.

मिशनरी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते. पांढरा झगा, लांब दाढी, आगबोट, आफ्रिकेतले रान. त्या चित्रातला माणूस तरुण असतो, एकटा असतो आणि परदेशी असतो. थोडक्यात सांगायचे तर तो आपण नसतो. म्हणूनच पाकीट दिले की आपल्याला मोकळे झाल्यासारखे वाटते.

आज मला आफ्रिकेत राहून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याविषयी बोलायचे आहे. ते जोडपे आपल्याच जिल्ह्यातले. पुलगावहून रेल्वेने वर्धा गाठावे आणि तिथून आठेक किलोमीटर गेले की त्यांचे घर लागते. घर अजून उभे आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले आहे. बापू आणि बा. मोहनदास आणि कस्तुरबा गांधी.

लगेच कुणी म्हणेल, फादर, ते कुठे ख्रिस्ती होते? नव्हते. ओढूनताणून त्यांना ख्रिस्ती ठरवण्याचा माझा मुळीच विचार नाही. तसे करणे त्यांच्यावर अन्याय आणि आपल्यासाठी लबाडी ठरेल. बापूंनी मिशनरींना कडू वाटेल असे पुष्कळ लिहिले आहे. सेवा करायची तर धर्मांतराची अपेक्षा मनात न ठेवता करा, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. तरीही मिशन या शब्दाचा मूळ अर्थ आहे पाठवणी. लग्नानंतर मुलीची पाठवणी होते तेव्हा ती एकटी जाते. पण एखाद्या जोडप्याची पाठवणी होते ती कशी, दोघांना एकाच कामासाठी घराबाहेर पडावे लागते तेव्हा स्वयंपाकघरात, अंगणात, बिछान्याशेजारी रोज काय काय घडते, हे समजून घ्यायला माझ्या माहितीत याहून जवळचे उदाहरण नाही.

पवित्र शास्त्रातही असे एक जोडपे आहे. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अठरावा अध्याय घरी जरूर वाचा. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोममधून हाकलले, तेव्हा हे दोघे करिंथला आले. धंदा तंबू शिवण्याचा. संत पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्याच घरी उतरला आणि तिघे मिळून काम करू लागले. पुढे हे जोडपे इफिसला गेले, मग पुन्हा रोमला. जिथे गेले तिथे त्यांच्या घरात मंडळी जमत असे. अपुल्लो नावाचा मोठा वक्ता अर्धवट शिकवण देत आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याला भरसभेत तोंडघशी पाडले नाही. बाजूला घेतले आणि नीट समजावून सांगितले. नव्या करारात या दोघांचा उल्लेख सहा ठिकाणी येतो आणि त्यांतल्या चार ठिकाणी बायकोचे नाव आधी आहे. त्या काळी हे नवलच. पौल कुणाचेही नाव उगाच पुढेमागे करणारा नव्हता.

पण प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांच्यात भांडणे होत असत का, हे शास्त्र सांगत नाही. मला वाटते होत असणार. तंबूचे जाड कापड, घरात सदा पाहुणे, पोलिसांची भीती, दर दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवायचे. बा आणि बापू यांच्याबाबतीत मात्र आपल्याला ठाऊक आहे, कारण बापूंनी स्वतःच ते आत्मकथेत लिहून ठेवले.

ही १८९८ सालची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन शहरात बापूंची वकिली जोरात चालली होती. घर गोऱ्यांच्या धर्तीवर बांधलेले. खोल्यांतून सांडपाणी बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून प्रत्येक खोलीत रात्री लघवीचे भांडे ठेवत. बापूंचे कारकून घरातच राहत. जुने झालेले कारकून आपापली भांडी स्वतः धूत. नवीन आला की त्याचे भांडे बा आणि बापू उचलत. त्या सुमारास एक नवा कारकून आला. तो ख्रिस्ती होता आणि त्याचे आईबाप पंचम, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीचे.

बांनी इतरांची भांडी उचलली होती. याचे उचलवेना. नवऱ्याने उचलावे हेही सोसवेना. शेवटी भांडे हातात घेऊन त्या जिना उतरल्या, डोळे लाल, गालांवर पाणी. बापूंना तेवढ्याने समाधान झाले नाही. बायकोने हे काम हसतमुखाने केले पाहिजे, असा त्यांचा हट्ट. ते ओरडले. बाही ओरडल्या, की तुमचे घर तुम्हालाच लखलाभ, मला जाऊ द्या. तेव्हा बापूंनी त्यांचा हात धरला, फरफटत फाटकापर्यंत नेले आणि बाहेर ढकलण्यासाठी फाटक उघडू लागले. बांनी विचारले, तुम्हाला काही लाज आहे की नाही? या परक्या मुलुखात मी जाऊ कुठे? माझे आईबाप इथे आहेत का? ते फाटक लावा, लोक बघतील. बापू ओशाळले. फाटक लागले.

बंधुभगिनींनो, या प्रसंगात आपला माणूस कोण आहे, ते पाहा. बा नव्हेत, बापूही नव्हेत. वरच्या खोलीत बसलेला तो कारकून आपला. त्याचे नाव आत्मकथेत नाही. जिन्यात चाललेले भांडण त्याच्या कानावर गेले असेल का? आपल्या भांड्यावरून एका बाईला घराबाहेर काढत आहेत, हे त्याला कळले असेल का? त्याचा बाप्तिस्मा झाला होता, तो शिकला होता, समुद्र ओलांडून आफ्रिकेत आला होता, तरी जात त्याच्याआधी त्या खोलीत पोहोचली होती. आपल्यापैकी कुणाकुणाच्या आजोबा-पणजोबांनी असाच अनुभव घेतला आहे. एखाद्या घरी कप निराळा ठेवला जातो हे आजही कुणाला आठवायला फार मागे जावे लागत नाही. आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या घरांतही सोयरीक जुळवताना आडून आडून काय विचारतात, ते मी इथे बोलून दाखवत नाही.

त्या प्रसंगात चूक कुणाची? बांच्या मनात विटाळ होता हे खरे. पण मला बापूंचे वागणे अधिक बोचते. सेवेचा विचार त्यांचा होता आणि ओझे बायकोच्या डोक्यावर, वर तिने हसलेही पाहिजे! आपल्याकडेही असे पुरुष आहेत. चर्चच्या समितीवर पुढे, जपमाळेच्या प्रार्थनेत आवाज सर्वांत मोठा, गावात कुणाचेही काम असो, धावून जाणार. घरी मात्र बायकोला विचारायची पद्धत नाही. पाहुणे आणायचे याने, भाकऱ्या थापायच्या तिने. रागाच्या भरात हातही उचलायचा. त्याला सेवा म्हणू नये. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्राने आधी नकार दिला, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. येशूने पेत्राचा पाय धरून ओढला नाही. त्याच्याशी बोलला.

त्याच डरबनजवळ मरियानहिल नावाचा कॅथलिक मठ आहे. फ्रान्झ फान्नर या मठाधिपतींनी १८८२ साली तो स्थापन केला. तेव्हा तो ट्रॅपिस्ट व्रतस्थांचा मठ होता, म्हणजे मौन, शाकाहार आणि हातांचे कष्ट. बापू १८९५ साली तो पाहायला गेले आणि इतके प्रभावित झाले की इंग्लंडमधल्या एका शाकाहारी साप्ताहिकात त्यांनी त्यावर लेख लिहिला. मठातले लोक पहाटे दोनला उठत. सुतारकाम, चांभारकाम, छपाई, शेती, सगळे स्वतः करत आणि तिथल्या आफ्रिकन लोकांनाही शिकवत. काळा-गोरा हा भेद बापूंना तिथे दिसला नाही, अन्नही सर्वांना सारखेच. डरबनच्या रस्त्यावर हा भेद पावलोपावली अंगावर येत असताना! पुढे बापूंचे जर्मन मित्र हर्मन कालेनबाख याच मठात चपला शिवायला शिकले आणि त्यांच्याकडून बापू शिकले. टॉलस्टॉय फार्मवर चपला तयार होऊ लागल्या, त्यामागे आपल्या व्रतस्थांचा हात आहे. मिशनरी कामाचा परिणाम कुठे उगवेल याचा हिशेब पाकिटावर लिहिता येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बा आणि बापू यांचे आफ्रिकेतले बहुतेक काम तिथल्या हिंदी लोकांसाठी होते, विशेषतः करारावर नेलेल्या मजुरांसाठी. सुरुवातीच्या वर्षांत मूळच्या आफ्रिकन माणसाकडे पाहण्याची बापूंची नजर स्वच्छ नव्हती, त्यांच्या लिखाणात ते दिसते. १९०६ साली झुलूंचे बंड झाले तेव्हा त्यांनी शुश्रूषा पथक काढले आणि गोरे लोक हात लावायला तयार नव्हते अशा जखमी झुलूंची सेवा त्यांच्या वाट्याला आली. माणसाची नजर अशी जखमा धुताधुता थोडी थोडी बदलते. एका दिवसात कुणाची बदलत नाही.

बांची वेळ १९१३ साली आली. त्या वर्षी मार्च महिन्यात तिथल्या न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. ख्रिस्ती विधीने झालेले किंवा सरकारदरबारी नोंदलेले विवाह सोडून इतर विवाह कायद्याने धरायचे नाहीत, असा त्याचा अर्थ निघत होता. म्हणजे तीस वर्षे संसार केलेली बाई एका रात्रीत बायको राहिली नाही. आपल्या पवित्र साक्रामेंताचे नाव पुढे करून दुसऱ्याच्या बायकोचा असा अपमान व्हावा, याची लाज आपल्याला वाटायला हवी. या वेळी बांना कुणी ओढून नेले नाही. त्यांनी स्वतः तुरुंगात जायचे ठरवले. सप्टेंबरमध्ये त्या फिनिक्स आश्रमातून निघाल्या, परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडताना पकडल्या गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगली. बाहेर आल्या तेव्हा अंगात हाडे तेवढी उरली होती. पंधरा वर्षांपूर्वी फाटकापाशी थांबलेली तीच बाई आता स्वतःच्या पायाने फाटकाबाहेर पडली होती.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ.

३० एप्रिल १९३६ रोजी बापू वर्ध्याहून पायी शेगावला आले. हेच पुढे १९४० साली सेवाग्राम झाले. विदर्भातला एप्रिल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. बापू सहासष्ट वर्षांचे, बा सदुसष्टीच्या. थोरला मुलगा हरिलाल दुरावलेला, ती जखम त्याच वर्षी पुन्हा उघडी पडली होती. या वयात माणूस नातवंडांत रमतो, पेन्शनचा हिशेब करतो. हे दोघे अशा खेड्यात आले जिथे धड रस्ता नव्हता, टपाल कचेरी नव्हती आणि वस्ती बहुतांशी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची होती. पावसाळ्यात चिखल, साप, हिवताप. पहिल्याच वर्षी बापूंना हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. साप न मारता पकडून दूर सोडायचा चिमटा आणि पेटी आजही बापू कुटीत ठेवलेली आहे.

आदि निवास नावाची पहिली झोपडी म्हणजे एक मोठी खोली. बा, बापू, कार्यकर्ते, पाहुणे, सगळे तिथेच. सदुसष्ट वर्षांच्या बाईला लुगडे बदलायला आडोसा मिळू नये, ही अडचण बापूंच्या ध्यानात आलेली दिसत नाही. जमनालाल बजाजांच्या ती आली आणि त्यांनी बांसाठी निराळी छोटी कुटी बांधवून घेतली. थोर पुरुषांच्या घरातल्या अशा गोष्टी बहुधा तिसऱ्याच माणसाला दिसतात.

दिवस पहाटे चारच्या घंटेने सुरू होई. प्रार्थना, फिरणे, भंगीकाम, दळण, भाजी निवडणे, सूतकताई, आलेल्या पत्रांना उत्तरे, आजाऱ्यांकडे फेरी, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. सोमवारी बापूंचे मौन. देशाचे पुढारी येत, व्हाइसरॉयची पत्रे येत, पण जेवणाची पंगत सगळ्यांना एकच. बांचा वावर स्वयंपाकघरात, आजाऱ्यांच्या खाटेशी आणि चरख्यापाशी. याला कुणी मोठे काम म्हणणार नाही. नाझरेथच्या घरात तीस वर्षे जे चालले होते त्यालाही कुणी म्हटले नसते.

१९३९ साली परचुरे शास्त्री आले. संस्कृतचे गाढे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात बापूंच्या ओळखीचे झालेले आणि आता महारोगाने पोखरलेले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. ठेवून घ्यावे की न घ्यावे? बापूंनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी बांधून दिली आणि सत्तरीचा तो म्हातारा रोज त्यांच्या अंगाला मालीश करू लागला. शुभवर्तमानातल्या कुष्ठरोग्याला येशूने दुरून बरे केले असते तरी चालले असते. त्याने हात लावला. मला त्या ओळीपाशी सेवाग्रामची ती झोपडी आठवते.

पण या जोडप्यातला जुना प्रश्न मिटला होता, असे समजू नका. १९३८ साली ओरिसातल्या डेलांगला मेळावा होता. बा आणि महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबेन जवळच्या पुरीला जाऊन जगन्नाथाच्या मंदिरात दर्शन घेऊन आल्या. ते मंदिर तेव्हा हरिजनांना बंद होते. बापूंना हे कळले आणि त्यांचा रक्तदाब चढला. डरबनच्या जिन्यापासून चाळीस वर्षे झाली होती, आणि पुन्हा तेच! मात्र या वेळी त्यांनी बायकोचा हात धरून ओढले नाही. दोष स्वतःकडे आणि महादेवभाईंकडे घेतला, की आम्हीच या बायकांना समजावून सांगण्यात कमी पडलो. बांनीही चूक कबूल केली. या विषयात बापूंचे एकूण धोरण पुरेसे होते का, याबद्दल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलेले प्रश्न आपल्या शेजारच्या वस्तीत आजही विचारले जातात, आणि ते विचारले गेलेच पाहिजेत. मी इथे बोलतो आहे ते एका संसाराबद्दल. चाळीस वर्षांत एक हात ढिला झाला, एवढे मला दिसते.

१९४२ च्या जून महिन्यात लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिले. बापूंच्या मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसले. ते प्रभू येशूचे होते. खाली इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले शब्द, ख्रिस्तालाच आपली शांती म्हणणारे. ज्या पत्रात ते शब्द आहेत तिथे विषय आहे तो दोन समाजांमधली आडभिंत पाडण्याचा.

दोनच महिन्यांनी ऑगस्टमध्ये दोघांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले. बा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच वारल्या. महाशिवरात्र होती. साठ वर्षांहून अधिक काळाचा संसार बापूंच्या मांडीवर संपला. त्याच वर्षी बापू सेवाग्रामला परतले तेव्हा बांची कुटी रिकामी होती. पुढे तिथेच त्यांच्या नावाने दवाखाना वाढला. कस्तुरबा हॉस्पिटल. आपल्या नाचणगावातली किती बाळंतपणे, किती ऑपरेशने तिथे झाली असतील! केसपेपरवर आपण ते नाव वाचतो आणि पुढच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

आता माझे मुख्य बोलणे. आपल्या धर्मग्रामात साठी ओलांडलेली बरीच जोडपी आहेत. कुणी डेपोतून निवृत्त, कुणी शाळेतून, कुणी रेल्वेतून. मुले नागपूरला, पुण्याला, काहींची आखातात. घरात दोघेच, टीव्ही आणि गुडघेदुखी. "आमचे आता काय राहिले, फादर?" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. अब्राहामाला देशाबाहेर पडण्याची हाक आली तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि सारा त्याच्याबरोबर निघाली. तुम्हाला देशाबाहेर जायचे नाही. आफ्रिकेला तर नाहीच.

याच गावात अशी घरे आहेत जिथे एक जण अंथरुणाला खिळला आहे आणि दुसरा त्याला सोडून बाजारातही जाऊ शकत नाही. त्यांतली काही घरे आपली आहेत, काही आपली नाहीत. तिथे आठवड्यातून दोन तास जाऊन बसणारे कुणीतरी हवे. पाणी पाजायला, कूस बदलायला, प्रसंगी बेडपॅन उचलायला. प्रार्थना त्या घराने सांगितली तरच म्हणायची. कुणी कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे विचारायचे नाही. एक जोडपे, एक घर, एवढाच हिशेब.

येत्या रविवारपासून मिस्सा संपल्यावर चर्चच्या व्हरांड्यात एक वही ठेवलेली असेल. प्रत्येक पानावर दोन रकाने आखले आहेत, एक बायकोच्या नावासाठी, एक नवऱ्याच्या नावासाठी. ज्याने त्याने आपापले नाव आपल्याच हाताने लिहावे. एकाने दुसऱ्याचे परस्पर लिहिलेले आढळले तर ते पान मी धरणार नाही.